मराठी तालिकेच्या कामातून बदललेली वाट : एका महाविद्यालयीन ग्रंथपालांचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी विनाअनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात काम करणाऱ्या ग्रंथपाल बाईंचे आहे. त्यांच्या संमतीने ते येथे मांडत आहे. नाव, गाव आणि संबंधित संस्थांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवत असताना नोकरीविषयी जे प्रश्न वारंवार विचारले जातात, ते जवळजवळ सगळे या एका प्रकरणात एकत्र आलेले दिसतात, म्हणून त्याची सविस्तर नोंद करावीशी वाटली.

२०२२ च्या दिवाळीनंतर त्यांनी सल्ल्यासाठी संपर्क साधला, तेव्हा त्यांचे वय चौतीस होते. मराठी विषयात बी.ए., मुक्त विद्यापीठातून बी.लिब. आणि पुढे दूरशिक्षणानेच ५७ टक्के गुणांसह एम.लिब. (ग्रंथालयशास्त्रातील पदव्युत्तर पदवी) असे त्यांचे शिक्षण झाले होते. महाविद्यालयात त्या एकत्रित मानधनावर ग्रंथपाल म्हणून काम करत होत्या. दरवर्षी जूनमध्ये नवा नेमणूक आदेश मिळे आणि उन्हाळ्याच्या सुटीचे मानधन मिळत नसे. त्यांच्या हाताखाली एक ग्रंथालय परिचर होता. ग्रंथसंख्या साधारण अठरा हजार, त्यातील निम्म्याहून अधिक पुस्तके मराठी. देवघेवीसाठी गावातल्याच एका संगणक व्यावसायिकाने पूर्वी तयार करून दिलेली आज्ञावली वापरात होती, आणि तो व्यावसायिक आता त्या धंद्यात राहिला नव्हता.

घरची परिस्थिती अडचणीची नव्हती, पण निवांतही नव्हती. पतीची शेती आणि खतांचे छोटे दुकान, मुलगी प्राथमिक शाळेत, सासूबाई घरी. गाव सोडून जाण्याचा विचार करायचा तर तो या सगळ्यांना धरूनच करावा लागणार होता.

नेमकी अडचण

त्यांनी पहिल्याच भेटीत विचारले, "सर, मी नेट करू, पीएच.डी. करू, की कोहा शिकू? वेळ एकाच गोष्टीपुरता आहे." नेट म्हणजे प्राध्यापक आणि ग्रंथपाल पदांसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, आणि कोहा म्हणजे ग्रंथालयाचे कामकाज चालवणारी संगणक प्रणाली. आपल्या क्षेत्रातील बहुतेक तरुण नेमके याच पेचात सापडतात, म्हणून या प्रश्नाची फोड आधी करणे आवश्यक होते.

महाविद्यालयीन ग्रंथपालपदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत ग्रंथालयशास्त्रातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांसह, त्याबरोबर नेट किंवा सेट (तशीच राज्यस्तरीय परीक्षा), किंवा आयोगाच्या नियमांनुसार मिळवलेली पीएच.डी., अशी अट आहे. ही अट पूर्ण केल्याशिवाय अनुदानित महाविद्यालयातील जागेसाठी अर्जच छाननीत टिकत नाही. सातव्या वेतन आयोगानुसार त्या पदाचे मूळ वेतन दरमहा ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. विनाअनुदानित महाविद्यालयातील मानधन त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. त्यामुळे नेट होणे हेच ध्येय मानून अनेक जण पाचपाच वर्षे अभ्यासात घालवतात.

दुसरी बाजू अशी की पात्रता मिळाली म्हणून जागा निघत नाही. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने कोरोनाच्या काळात राज्यात नवीन पदभरती थांबवली गेली, आणि त्याआधीही महाविद्यालयीन भरती टप्प्याटप्प्यानेच होत आली होती. अनुदानित जागा भरायची तर बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांचा क्रम) तपासून घ्यावी लागते, विभागीय सहसंचालकांकडून नाहरकत मिळवावी लागते, जाहिरात द्यावी लागते, विद्यापीठाकडून निवड समिती घ्यावी लागते आणि निवड झाल्यावर पुन्हा विद्यापीठाची मान्यता लागते. प्राध्यापकांच्या एका विषयात दोनतीन जागा असू शकतात. ग्रंथपालाची जागा मात्र महाविद्यालयात एकच असते, आणि ती निवृत्तीनेच रिकामी होते. हा आकडेवारीचा साधा भाग विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या वेळीच सांगितला गेला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी बाजू त्यांच्या स्वतःच्या कौशल्यांची. वर्गीकरण आणि तालिकीकरणाची (ग्रंथालयाच्या शोधसूचीसाठी, म्हणजे तालिकेसाठी, नोंदी करण्याची) सूत्रे त्यांना पाठ होती, परंतु एम.लिब.च्या अभ्यासात त्यांनी एकही मार्क नोंद, म्हणजे पुस्तकाची माहिती संगणकाला वाचता येईल अशा ठरावीक साच्यातील नोंद, स्वतः तयार केलेली नव्हती, सर्व्हरला हात लावलेला नव्हता आणि संशोधनविषयक डेटाबेसमध्ये पद्धतशीर शोध घेतलेला नव्हता.

जाहिराती वाचण्याचे काम

कोणताही निर्णय घेण्याआधी त्यांनी चार महिने जाहिराती गोळा कराव्यात, एवढेच पहिल्या भेटीत ठरले. वर्तमानपत्रांतील, विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरील आणि खासगी नोकरी-पोर्टलवरील प्रत्येक जाहिरातीतून पात्रता, कामाचे वर्णन आणि नेमणुकीचा प्रकार या तीन गोष्टी त्यांनी एका वहीत उतरवून घेतल्या. संपूर्ण प्रकरणात याच कामाने त्यांची दृष्टी सर्वांत जास्त बदलली.

अनुदानित महाविद्यालये आणि शासकीय विद्यापीठे यांच्या जाहिराती एकसारख्या होत्या. आयोगाच्या नियमावलीतील मजकूर त्यांत जसाच्या तसा येत होता, आणि त्या मजकुराच्या शेवटी ‘ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचे ज्ञान’ एवढाच उल्लेख असे. खासगी विद्यापीठांच्या जाहिरातींत मात्र हाच एक उल्लेख फुटून दहा कामे झालेली दिसत होती. कोहा किंवा सोल यांपैकी एक प्रणाली चालवता येणे, डीस्पेस या प्रणालीवर संस्थेचा डिजिटल संग्रह सांभाळणे, प्राध्यापकांची संशोधनविषयक माहिती इरिन्स या प्रणालीवर भरणे, शोधगंगा या प्रबंधांच्या राष्ट्रीय डिजिटल संग्रहात प्रबंध चढवणे, वाङ्मयचौर्य तपासणीचे अहवाल काढणे, वसतिगृहातून किंवा घरून ई-नियतकालिके वाचता यावीत अशी सोय करणे, नॅक (उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणारी संस्था) आणि एनआयआरएफ (शिक्षणसंस्थांची राष्ट्रीय क्रमवारी) यांसाठी ग्रंथालयाची माहिती तयार ठेवणे, अशी ती यादी होती. पुण्यातील प्रकाशनसेवा आणि माहिती व्यवस्थापन क्षेत्रातील कंपन्या तर ‘ग्रंथपाल’ हा शब्दही वापरत नव्हत्या; त्यांना मेटाडेटा (दस्तऐवजाविषयीची वर्णनात्मक माहिती), वर्गीकरण आणि विषयसंज्ञांच्या रचना जाणणारी माणसे हवी होती, आणि एम.लिब.चा उल्लेख ‘असल्यास प्राधान्य’ इतकाच होता.

वहीची पाने उलटताना त्यांच्या लक्षात आले की पात्रतेची अट आणि कामाची अपेक्षा हे दोन वेगळे रकाने आहेत, आणि त्यांनी आजवर एकाच रकान्याची तयारी केली होती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय महाविद्यालयात राहून फक्त नेट-सेटचा अभ्यास करण्याचा. दुसरा शाळेचा, पण माध्यमिक शाळांतील पूर्णवेळ पदे मोजकी, अर्धवेळ ग्रंथपालांचे प्रश्न अनेक वर्षे रेंगाळलेले, आणि नवी नेमणूक फारशी होत नाही, म्हणून तो लवकरच बाजूला पडला.

तिसरा पर्याय सार्वजनिक ग्रंथालयाचा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली राज्यात अकरा हजारांहून अधिक अनुदानपात्र ग्रंथालये अ, ब, क आणि ड वर्गांत चालतात. एवढे मोठे जाळे फार थोड्या राज्यांत आहे, आणि वाचनसंस्कृती टिकवण्याचे काम याच ग्रंथालयांतील सेवकांनी केले आहे. पण त्या सेवकांना शासनाची वेतनश्रेणी नाही. पगार अनुदानातूनच भागवावा लागतो. २०२२ मध्ये राज्य शासनाने हे अनुदान साठ टक्क्यांनी वाढवण्याचा निर्णय घेतला, तरी मुळातली रक्कम इतकी तुटपुंजी होती की तालुक्याच्या ग्रंथालयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या व्यक्तीला घर चालवता येईल असा पगार मिळणे अवघडच राहिले. गावातील ‘ब’ वर्गाच्या वाचनालयाने त्यांना विचारणाही केली होती. मनाने त्यांना ते काम आवडले असते. रकमेचा आकडा ऐकल्यावर त्यांनी नकार दिला, आणि त्यात काही गैर होते असे मला वाटत नाही.

चौथा पर्याय पुण्यातील एका कंपनीसाठी घरबसल्या नोंदी तयार करण्याचा होता. तो त्यांनी प्रत्यक्ष करूनही पाहिला. दर नोंदीमागे पैसे मिळत, वेग मोजला जाई आणि विषयशीर्षक बरोबर आहे की नाही हे पाहायला कोणाला सवड नसे. काही आठवड्यांनी त्यांनी ते थांबवले, पण एक्सएमएल फाइल कशी वाचायची आणि एका दिवसात किती नोंदी अचूक होऊ शकतात, याचा अंदाज त्यातूनच आला.

पाचवा पर्याय त्यांच्या महाविद्यालयातच पडून होता. महाविद्यालयाला नॅकच्या पुनर्मूल्यांकनाला सामोरे जायचे होते, आणि नॅकच्या चौथ्या निकषात ग्रंथालय एकात्मिक व्यवस्थापन प्रणालीवर चालते का, हा प्रश्न थेट विचारलेला असे. जुनी आज्ञावली त्या व्याख्येत बसणारी नव्हती. महाविद्यालयाची ही गरज पूर्ण करताना स्वतःचे प्रशिक्षण करून घेता येईल का, असा तो पर्याय होता.

पहिला निर्णय : दोन कामे समांतर

त्यांनी नेटचा अभ्यास आणि ग्रंथालयाचे संगणकीकरण ही दोन्ही कामे एकत्र हाती घ्यायचे ठरवले. माझा सल्ला प्रथम फक्त नेटवर लक्ष द्यावे असा होता, कारण मानधनावरील व्यक्तीने संस्थेसाठी जादा काम केले की ते गृहीत धरले जाते, हे अनेकदा पाहिले होते. त्यांचे म्हणणे वेगळे होते. नेटच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेतील मार्क, झेड ३९.५० (दुसऱ्या ग्रंथालयांच्या तालिकेतून नोंदी शोधून आणण्याची पद्धत), डब्लिन कोअर (डिजिटल साहित्याच्या वर्णनाचा साचा) ही प्रकरणे त्यांना पाठ करूनही लक्षात राहत नव्हती. हाताने काम केल्यावर राहतील, असा त्यांचा विश्वास होता, आणि पुढे तो खरा ठरला.

प्राचार्यांशी झालेली बोलणी येथे नोंदवण्याजोगी आहेत. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, नॅकला संगणकीकरण दाखवायचं आहे, पण संस्थेकडे पैसे नाहीत." त्यांनी उत्तर दिले, "सर, कोहा फुकट आहे, पण ते चालवायला एक चांगला संगणक, दुपारचे दोन तास देवघेव बंद आणि बी.एस्सी.चा एखादा विद्यार्थी लागेल. ‘कमवा आणि शिका’मधून तो देता येईल." तिन्ही गोष्टी मान्य झाल्या. मात्र या कामाचा उल्लेख नेमणूक आदेशात किंवा वेगळ्या पत्रात करावा, ही मागणी त्यांनी संकोचाने केली नाही. त्याचे परिणाम पुढे दिसले.

प्रत्यक्ष काम

कोहा ही प्रणाली मूळची न्यूझीलंडची. तेथील एका ग्रामीण ग्रंथालय संस्थेसाठी ती तयार झाली आणि २००० च्या जानेवारीत वापरात आली. ती मुक्त स्रोत असल्याने कोणालाही घेता येते, परंतु लिनक्सवर ती बसवणे, राखीव प्रती काढणे आणि अद्ययावत ठेवणे हे काम स्वतः करावे लागते. बसवण्याचे काम विद्यार्थ्याच्या मदतीने लवकर उरकले. खरा डोंगर पुढे होता, तो जुन्या नोंदींचा.

जुन्या आज्ञावलीतील मराठी नोंदी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी युनिकोड पद्धत रूढ होण्याआधीच्या फॉन्टमध्ये, होत्या. तो फॉन्ट ज्या संगणकावर आहे तेथे ‘मराठी व्याकरण’ असे दिसे. फॉन्ट नसला की त्याच जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसे. कारण तेथे अक्षरे साठवलेलीच नव्हती, साठवले होते ते अक्षरांचे आकार. मोफत मिळणाऱ्या रूपांतरकांनी बराच भाग बदलला, पण जोडाक्षरे आणि वेलांट्या सर्वत्र बिघडल्या. ‘शिक्षण’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना ‘श’च्या आधी दिसते म्हणून जुन्या फॉन्टमध्ये ती आधी नोंदलेली, तर युनिकोडमध्ये ती ‘श’नंतर येते. ‘वर्ग’मधील रफार जुन्या पद्धतीत ‘ग’नंतर, युनिकोडमध्ये ‘ग’च्या आधी. हे नियम त्यांनी एकेक करून ओळखले, ओपनरिफाइन या माहिती साफ करण्याच्या आज्ञावलीत शोध-बदलाची सूत्रे लिहिली आणि प्रत्येक सूत्र आधी शंभर नोंदींवर चालवून, ती पुस्तके कपाटातून काढून, मुखपृष्ठाशी ताडून पाहिले.

त्यानंतर आणखी सूक्ष्म अडचण समोर आली. कोहाच्या शोधचौकटीत ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द टंकला की संग्रहात असलेल्या पुस्तकांपैकी काहीच दिसत. पडद्यावर शब्द सारखाच, तरीही संगणकाला तो वेगळा वाटत होता. शोध घेतल्यावर उलगडा झाला की काही नोंदींत ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य सांधक चिन्ह वापरून ते अक्षर घडवले होते, तर काहींत नुक्त्याचा ‘ऱ’ वापरला होता. तीच गत ‘अॅ’ आणि ‘ऍ’ची. मराठी टंकणाऱ्या प्रत्येकाच्या कळफलकावर हे अवलंबून असते, आणि वाचकाला त्याची कल्पनाही नसते. ग्रामीण अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी आलेल्या विद्यार्थ्याला ‘आपल्याकडे पुस्तक नाही’ असे उत्तर मिळते आणि पुस्तक मात्र समोरच्या कपाटात असते. या दोन रूपांपैकी एक प्रमाण ठरवून त्यांनी सर्व नोंदी त्या रूपात आणल्या, आणि कोहाचा शोध देवनागरीसाठी आवश्यक असलेल्या आयसीयू या युनिकोड मजकूर हाताळणाऱ्या पद्धतीवर वळवला. मूळ मांडणीत ही पद्धत निवडलेली नसते, आणि अनेक महाविद्यालयांची मराठी तालिका नीट शोध देत नाही त्याचे एक कारण हेच असावे.

पुढचा टप्पा नावांचा. जुन्या आज्ञावलीत प्रत्येक दाखल क्रमांक म्हणजे स्वतंत्र ओळ होती, त्यामुळे एका पाठ्यपुस्तकाच्या चाळीस प्रती म्हणजे चाळीस नोंदी. कोहात पुस्तकाची ग्रंथनोंद एक आणि तिच्या खाली प्रती वेगळ्या, अशी रचना असते. प्रती एकत्र करायच्या तर लेखक आणि प्रकाशक यांची नावे एकसारखी हवीत, आणि येथे लेखकाची आद्याक्षरे कधी आहेत, कधी पूर्ण नाव, कधी आडनाव आधी, कधी मागे ‘डॉ.’ किंवा ‘प्रा.’ जोडलेले. ओपनरिफाइनमधील उच्चारसाम्यावर चालणाऱ्या पद्धती देवनागरीला फारशा लागू पडत नाहीत. अक्षरांतील अंतर मोजणारी पद्धत मात्र उपयोगी पडली. तरीही सारख्या नावाचे दोन वेगळे लेखक एकत्र होऊ नयेत म्हणून शेवटचा निर्णय माणसानेच घ्यावा लागला. मराठीची पदवी येथे त्यांच्या कामी आली. दोन ‘वि. ना.’ एकच की निरनिराळे, हे त्यांना बहुतेक वेळा न शोधता कळत होते.

हे काम जवळपास दीड वर्ष चालले. बारकोड, पाठपट्ट्या आणि प्रत्यक्ष साठा पडताळणी यांवर अधिक लिहिण्याची गरज नाही. ते काम कंटाळवाणे असते आणि ते त्यांनी नेटाने पूर्ण केले. पडताळणीत न सापडलेल्या पुस्तकांच्या निर्लेखनाचा (नोंदवहीतून कायमचे वगळण्याचा) प्रस्ताव मात्र ग्रंथालय समितीपुढे अडकून राहिला, आणि तो आजही निकाली निघालेला नाही.

परीक्षेतील व्यत्यय आणि दुसरा निर्णय

नेटसाठी त्या १८ जून २०२४ रोजी बसल्या. दुसऱ्याच दिवशी ती परीक्षा संपूर्ण देशभर रद्द झाली. पेपर चांगला गेला होता, त्यामुळे हा आघात मोठा होता. फेरपरीक्षा ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीच्या दिवसांत संगणकावर झाली. मधल्या दोन महिन्यांत महाविद्यालयात प्रवेशाची गर्दी, ग्रंथालयात नव्या प्रणालीची सुरुवात आणि घरी पेरणी, अशी तिन्ही कामे एकत्र आली. अभ्यास सोडून द्यावा, असे त्यांनी एकदा बोलूनही दाखवले. शेवटी दुसऱ्या प्रश्नपत्रिकेची उजळणी थांबवून उरलेला सगळा वेळ पहिल्या प्रश्नपत्रिकेतील माहिती-विश्लेषण आणि तर्कावरील प्रश्नांना द्यायचा, असे त्यांनी ठरवले, कारण विषयाचा भाग आता रोजच्या कामातून पक्का होत होता. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये निकाल लागला आणि सहायक प्राध्यापकपदासाठीची, म्हणजेच ग्रंथपालपदासाठीचीही, पात्रता त्यांना मिळाली.

लगेचच एका अनुदानित महाविद्यालयाची जाहिरात आली. मुलाखतीआधी संस्थेशी संबंधित एका व्यक्तीने ‘देणगी’विषयी सूचक बोलणे केले. त्यांनी घरी विचार केला. शेताचा एक तुकडा विकण्याचा विषयही निघाला. त्यांनी अर्ज मागे घेतला. हा निर्णय त्यांनी कोणाचाही सल्ला न घेता केला, आणि या संपूर्ण प्रकरणात त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटावा असा क्षण तोच आहे. पात्र उमेदवारांना अशा रीतीने बाहेर ठेवणारी व्यवस्था चालू राहिली तर कौशल्याविषयी कितीही लिहिले तरी ते अपुरे पडेल.

मुलाखत

२०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात सहायक ग्रंथपालाच्या करार पदासाठी त्यांना बोलावणे आले. प्रथम प्रात्यक्षिक होते. टेबलावर चार पुस्तके आणि एक संगणक. अर्ध्या तासात चारही पुस्तकांच्या मार्क नोंदी करायच्या होत्या. तीन इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी झेड ३९.५० वरून आयात करून दुरुस्त करता आल्या. चौथे मराठी लघुनिबंधांचे जुने पुस्तक होते. त्याला आयएसबीएन नव्हता, कोठे तयार नोंद नव्हती आणि शीर्षकपृष्ठावर फक्त ‘शके १८७०’ एवढेच छापलेले होते. त्यांनी वर्गांक ८९१.४६४ (ड्युई पद्धतीत मराठी निबंधांचा) दिला, प्रकाशनवर्षाच्या जागी शके जसेच्या तसे ठेवून चौकटी कंसात ‘१९४८ किंवा १९४९’ लिहिले, कारण शकाचे वर्ष चैत्रात बदलते आणि नुसते अठ्ठ्याहत्तर मिळवून एकच वर्ष देणे चुकीचे ठरले असते. समितीतील बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी त्या कंसाबद्दलच सर्वाधिक प्रश्न विचारले, असे त्यांनी नंतर सांगितले.

तोंडी मुलाखतीत एका प्राध्यापकांनी विचारले की आयोगाची केअर यादी, म्हणजे मान्य संशोधन नियतकालिकांची यादी, फेब्रुवारीत बंद झाली, आता आम्ही शोधनिबंध कोठे पाठवावा हे तुम्ही कसे सांगाल. नियतकालिकाचे संपादक मंडळ, समीक्षेची पद्धत, शुल्काची पारदर्शकता आणि कोणत्या सूचींत त्याची नोंद आहे हे एकेक तपासून सांगू, आयोगाने दिलेले मार्गदर्शक निकष त्यासाठी वापरू, असे त्यांनी उत्तर दिले. संशोधन नियतकालिकांच्या सामाईक वर्गणीच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेवरही प्रश्न आला. केंद्र सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद करून मंजूर केलेली ही योजना सरकारी संस्थांसाठी आहे, त्यामुळे खासगी विद्यापीठाला आपली वर्गणी स्वतःच भरावी लागेल, हा भेद त्यांना नेमका सांगता आला.

त्या अडखळल्या ते संशोधन-साहाय्याच्या प्रश्नावर. औषधनिर्माणशास्त्राच्या एका विषयावर पद्धतशीर साहित्यशोध कसा रचाल, हे इंग्रजीतून समजावून सांगा, असे त्यांना म्हटले गेले. समानार्थी संज्ञांची जुळणी कशी करायची हे त्यांना ठाऊक होते, पण सशुल्क डेटाबेस प्रत्यक्ष वापरलेला नसल्याने आणि इंग्रजी बोलण्याची सवय नसल्याने उत्तर अर्धवट राहिले.

निष्पत्ती

निवड झाली, पण जाहिरातीतील पदावर नव्हे. ‘तांत्रिक विभाग आणि डिजिटल संग्रह’ या कामासाठी एक पायरी खालच्या पदावर एक वर्षाचा करार देण्यात आला. मानधन पूर्वीच्या दुपटीहून थोडे अधिक, मात्र पुण्यातील घरभाडे आणि मुलीची शाळा वजा जाता हातात उरणारा फरक मोठा नव्हता. पती गावीच राहिले. पहिल्या वर्षी सासूबाई नातीसोबत पुण्यात राहतील, असे घरच्यांनी मिळून ठरवले. जून २०२५ पासून त्या तेथे रुजू आहेत आणि विद्यापीठाला भेट मिळालेल्या एका जुन्या मराठी ग्रंथसंग्रहाची तालिका आणि डीस्पेसवरील मांडणी त्यांच्याकडे आहे.

जुन्या महाविद्यालयाला नॅकच्या भेटीत संगणकीकरणाचा लाभ मिळाला. पण ग्रंथपालांच्या जागी कोणालाच नेमले गेले नाही. त्यांनी जाण्याआधी देवघेव, राखीव प्रत आणि बारकोड छपाई यांची मराठीत टिपणे करून परिचराला शिकवले होते, म्हणून देवघेव सुरू आहे; नव्या पुस्तकांचे तालिकीकरण मात्र थांबले आहे आणि ती पुस्तके दाखल नोंदवहीत चढून तशीच रचून ठेवलेली आहेत.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी उणीव कागदाची राहिली. महाविद्यालयाने दिलेल्या अनुभव प्रमाणपत्रात ‘ग्रंथपाल म्हणून कार्यरत होत्या’ एवढेच वाक्य आहे. अठरा हजार नोंदींचे रूपांतर, प्रणालीची उभारणी, पडताळणी यांचा त्यात उल्लेख नाही. शिवाय त्यांच्या नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता कधीच घेतली गेली नव्हती, त्यामुळे अनुदानित जागेसाठी हा अनुभव धरला जाण्याची शक्यता कमीच आहे. कामाला सुरुवात करतानाच प्राचार्यांकडून कामाचे स्वरूप सांगणारे पत्र घ्यायला हवे होते; त्या वेळी गरज महाविद्यालयाची होती आणि पत्र सहज मिळाले असते.

दुसरे, साहित्यशोधाचा सराव त्याच काळात करता आला असता. पबमेडसारखा वैद्यकीय लेखांचा डेटाबेस कोणालाही विनाशुल्क वापरता येतो, आणि आठवड्यातून एक तास तेथे शोध रचण्याचा सराव केला असता तर मुलाखतीतील तो प्रश्न अडला नसता. इंग्रजीबाबतही तसेच, मराठी माध्यमातून आलेल्या उमेदवारांना वाचन चांगले जमते, पण आपले काम इंग्रजीतून दहा मिनिटे सांगण्याचा सराव कोणी करून घेत नाही. विद्यापीठीय विभागांनी ही जबाबदारी घ्यावी, आणि त्याबरोबर देवनागरी नोंदींचे प्रात्यक्षिक अभ्यासक्रमात आणावे. इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी जगभरातून आयात करता येतात. मराठी पुस्तकांच्या नोंदी मराठी जाणणाऱ्या ग्रंथपालांनाच कराव्या लागतात, आणि राज्यातील जुने संग्रह पाहता हे काम पुढची अनेक वर्षे पुरेल इतके आहे. आज ते काम करू शकणारी माणसे शोधावी लागतात.

तिसरे, शुद्ध केलेल्या नोंदी केवळ त्या महाविद्यालयाच्या सर्व्हरवर आहेत. शेजारच्या तालुक्यांतील महाविद्यालयांत त्यातील बहुतेक पुस्तके असणार, आणि तेथेही हेच काम पहिल्यापासून कोणीतरी करणार. संस्थेची लेखी परवानगी घेऊन त्या नोंदी इतरांसाठी खुल्या करण्याचा प्रयत्न आता सुरू आहे. प्राचार्यांनी तोंडी होकार दिला आहे, व्यवस्थापनाचे उत्तर यायचे आहे.

करार पुढच्या जूनमध्ये संपतो. नूतनीकरणाच्या वेळी पदनाम बदलून मिळावे, यासाठी त्या दर महिन्याला पूर्ण झालेल्या नोंदींचा आणि वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांचा अहवाल विभागप्रमुखांच्या सहीने आपल्याकडे ठेवत आहेत. नेटची पात्रता कायमस्वरूपी असल्याने अनुदानित जागांच्या जाहिरातींची वहीही त्यांनी चालू ठेवली आहे.